मनगटावरचा आकडा कुणाच्या जबाबदारीचा?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर उभा राहणारा माणूस चक, म्हणजे लोखंडाचा तुकडा पकडून गरगर फिरणारा भाग, फिरवायच्या आधी हातातलं घड्याळ, कडं, अंगठी काढून ठेवतो. फिरत्या चकात मनगटावरचं काही अडकलं तर हातच ओढला जातो, हे तिथं पहिल्या दिवशी शिकवतात. शिरोलीच्या फाउंड्रीत साच्यात लोखंड ओतणाऱ्याचीही तीच गत. आता समजा, अशा माणसाला त्याच्या पोरानं पहिल्या पगारातून स्मार्ट घड्याळ आणून दिलं. पाळी संपेपर्यंत ते टूलबॉक्सवर पडून राहतं. सुट्टी झाल्यावर हातात चढवलं की मोबाइलवर निरोप येतो : आज तुम्ही बराच वेळ बसून होता, थोडं चाला.

हसून सोडून द्यावं असं हे प्रकरण, पण मला ते सोडवत नाही. तब्येतीवर नजर ठेवणारी ही यंत्रं आता श्रीमंतांची हौस राहिलेली नाहीत. या बाजाराचा हिशेब ठेवणाऱ्या आयडीसीच्या आकड्यांनुसार २०२३ या एका वर्षात भारतात ५ कोटींहून जास्त स्मार्ट घड्याळं बाजारात गेली. पुढच्या वर्षी विक्री साडेतीन कोटींपर्यंत घसरली. पहिल्या खेपेतली बरीच घड्याळं कपाटाच्या खणात गेली असावीत, असा माझा अंदाज. तरी लक्ष्मीपुरीत, राजारामपुरीत मोबाइलच्या कुठल्याही दुकानात जा, काउंटरच्या काचेखाली हजार-दीड हजाराच्या घड्याळांची रांग लागलेली असते आणि प्रत्येक खोक्यावर हृदय, ऑक्सिजन, झोप, ताण, काहींवर रक्तदाब आणि साखरसुद्धा. तब्येत कशी आहे, हा प्रश्न डॉक्टरांच्या आधी घड्याळाला विचारला जाऊ लागला आहे. म्हणून त्यावर चारचौघांत बोलायला हवं.

माझं म्हणणं एवढंच आहे की आकड्यापुढं काय करायचं हे ठरलेलं असेल आणि ते करायला कुणीतरी बांधील असेल, तरच तो आकडा आरोग्याचा. बाकी सगळी करमणूक. करमणुकीला माझी ना नाही, पण ती औषधाच्या कप्प्यात ठेवू नये.

हे कोल्हापूरकराला समजावून सांगायची गरज पडू नये. जुलै लागला की आपल्याकडं रामराम व्हायच्या आधी विचारलं जातं, "पाणी किती फुटांवर?" राजाराम बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीवर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे इथं शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण त्या पट्टीचा धाक तिच्यावरच्या रेघांमुळे नाही. पाणी ३९ च्या पुढं सरकलं की सुतारवाड्यातली घरं आवरायला लागतात, चिखली-आंबेवाडीत जनावरं बाहेर काढायची गडबड उडते, जिल्हाधिकारी कार्यालयात फोन वाजायला लागतात. कोणत्या फुटाला कुणी काय करायचं हे ठरलेलं आहे, आणि नाही केलं तर जाब विचारायला माणसं आहेत. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं तेव्हा या व्यवस्थेचीही दाणादाण उडाली, ते वेगळं. निदान जाब विचारायचा कुणाला हे तरी माहीत होतं.

आता घड्याळ बघा. आज ताण ७८. बरं, मग? कुणाकडं जायचं? किती दिवस ७८ राहिला तर काळजी करायची? ७८ म्हणजे कशाच्या ७८?

या यंत्रांची करामत मोठी आहे, ती नाकारायचं कारण नाही. घड्याळाच्या पाठीवर जो हिरवा दिवा लुकलुकतो, तो कातडीत प्रकाश सोडतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला मनगटातल्या बारीक रक्तवाहिन्यांत थोडं जास्त रक्त येतं, तेवढा प्रकाश कमी परततो, आणि शेजारचा संवेदक तो चढ-उतार टिपतो. म्हणजे घड्याळाला हृदय दिसत नाही, प्रकाशातला चढ-उतार दिसतो. बाकीचं सगळं गणित. माणूस शांत बसलेला असेल, पट्टा नीट बसलेला असेल, तर नाडीचा आकडा बऱ्यापैकी खरा निघतो. पळताना, हात हलताना, गारठ्यात तो डळमळतो. कधी कधी घड्याळ पावलांची लयच नाडी समजून बसतं. आमच्या गल्लीतल्या पोरांनी गणपतीच्या मांडवात रात्र जागवताना एक स्वस्तातलं घड्याळ प्रसादाच्या केळ्याला गुंडाळलं होतं. केळ्याची नाडी ७६ आली. सगळी पोरं हसून लोटपोट. पण त्या हसण्यात या धंद्याची मेख आहे. यंत्रानं प्रामाणिकपणे "मला काही कळत नाही" म्हणायला हवं होतं. ते म्हणत नाही, कारण रिकामा पडदा दाखवणारं घड्याळ खपत नाही.

ऑक्सिजनचा आकडा याच घराण्यातला, फक्त त्यासाठी लाल आणि अवरक्त प्रकाश लागतो. ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्यानं १९७४ च्या सुमारास ही युक्ती शोधली आणि तिनं भूलशास्त्रात लाखो जीव वाचवले. तरी बोटाला लावायच्या दवाखान्यातल्या ऑक्सिमीटरनेसुद्धा अमेरिकेत काळ्या कातडीच्या रुग्णांमध्ये लपलेली ऑक्सिजनची कमतरता गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा हुकवली, असं २०२० च्या अखेरीस तिथल्या संशोधकांनी दाखवून दिलं. कातडीतलं रंगद्रव्य प्रकाशाच्या वाटेत येतं. उन्हात रापलेल्या मनगटावर स्वस्तातलं घड्याळ काय दिवे लावत असेल, याची चौकशी आपल्याकडं कुणी करायची?

इथं एक आठवण करून देतो. कोरोनात हाच ऑक्सिजनचा आकडा घरोघरी पोचला होता. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यानं "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" मोहीम काढली आणि आशाताई ऑक्सिमीटर घेऊन दारात आल्या. ९४ च्या खाली गेलं तर काय करायचं, कुणाला फोन करायचा, हे गल्लीतल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांनाही ठाऊक झालं. यंत्र तेच, तत्त्व तेच. फरक इतकाच की आकडा घेऊन येणारं माणूस होतं, आणि आकड्याच्या मागं दवाखान्यातली खाट होती. खाट मिळायची मारामार होती, हे खरं. पण ती मारामार सगळ्यांना दिसत होती आणि तिच्यावर ओरडता येत होतं.

खरा घोळ रक्तदाबाचा. हातावर पट्टा फुगवून रक्तदाब मोजायची पद्धत रिव्हा-रोची या इटालियन डॉक्टरनं १८९६ मध्ये आणली, स्टेथोस्कोपनं ऐकून मोजायची रीत कोरोत्कोव्हनं १९०५ मध्ये दिली, आणि सव्वाशे वर्षं झाली तरी दवाखान्यात अजून तीच कामाला येते. पट्टा न फुगवता नुसत्या प्रकाशावरून रक्तदाब काढणं अजून पक्कं जमलेलं नाही. युरोपच्या उच्चरक्तदाब तज्ज्ञांच्या संघटनेनं २०२२ मध्ये अशी यंत्रं निदानासाठी वापरू नका असंच सांगितलं. चांगल्या कंपन्या निदान खऱ्या पट्ट्याशी अधूनमधून ताळा करून घ्यायला लावतात. स्वस्तातल्या घड्याळांत मात्र तो आकडा अंदाजपंचे काढलेला असतो आणि बहुतेकांचा १२० च्या आसपास येऊन बसतो. बसेलच, तिथं बसला की गिऱ्हाईक खूश.

आमच्या भागातल्या महापालिकेच्या दवाखान्यात मी स्वतः ऐकलेला संवाद आहे. साठीच्या पुढचे एक आबा, डोक्याला टोपी, हातात नातवानं दिलेलं काळं घड्याळ. सिस्टरनी पट्टा फुगवून रक्तदाब घेतला, थोडं थांबून पुन्हा घेतला. १६८ वर ९८.

"आबा, गोळी घेताय न्हवं?"

"बंद केलीया की. घड्याळात रोज एकशे बावीस दावतंय. मग गोळी कशाला उगंच?"

"कवापासनं बंद हाय?"

"दसऱ्यापासनं."

सिस्टर काही बोलल्या नाहीत. त्यांनी आबांच्या हातातलं घड्याळ काढलं, टेबलावर उलटं ठेवलं आणि दुसऱ्या हाताला पट्टा बांधला. परत तेच, १६६ वर ९६. मग म्हणाल्या, "आबा, ह्येला फक्त वेळ इचारायची."

मला त्यात आबांची काही चूक दिसत नाही. खोक्यावर रक्तदाब लिहिलं होतं, पडद्यावर रक्तदाब दिसत होता, नातवानं मायेनं दिलं होतं. "वैद्यकीय वापरासाठी नाही" ही ओळ खोक्याच्या तळाशी, मुंगीच्या पावलाएवढ्या इंग्रजी अक्षरांत. त्या एका ओळीच्या आडोशाला राहून हा सगळा धंदा चालतो. आपल्याकडं वैद्यकीय उपकरणांसाठी २०१७ चे नियम आहेत, पट्टा फुगवायचं यंत्र त्यांत येतं, घरी साखर तपासायचं यंत्रही येतं. घड्याळ मात्र स्वतःला "वेलनेस"चं म्हणवून घेतं आणि मोकळं सुटतं. तोच आकडा, तेच एकक, तीच भीती किंवा तोच दिलासा. पण एकाला परवाना लागतो आणि दुसऱ्याला लागत नाही. रक्ताचा थेंब न काढता साखर सांगणाऱ्या घड्याळांबद्दल तर औषधांना आणि उपकरणांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएनं फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर इशारा दिला की अशा एकाही घड्याळाला आम्ही मान्यता दिलेली नाही. इकडं मात्र साखर दाखवणारी घड्याळं राजरोस मिळतात.

म्हणून पहिली मागणी सरळ आहे. खोक्यावर जो आकडा छापाल, त्याच्या शेजारी त्याच मापाच्या अक्षरांत, मराठीत, हा आकडा तपासलेला आहे की अंदाज आहे ते लिहा. विकायचं असेल तर विका, पण अंदाजाला रक्तदाब म्हणू नका.

आता उलट बाजू. काही ठिकाणी ही यंत्रं खरोखर कामाची आहेत, आणि ते कबूल न करता नुसती टीका करणं आळशीपणाचं होईल. हृदयाची लय बिघडण्याचा एक प्रकार असतो, एट्रियल फिब्रिलेशन. तो येतो-जातो, म्हणून दवाखान्यात काही सेकंदांच्या ईसीजीत अनेकदा सापडत नाही, आणि त्यातून पक्षाघात होऊ शकतो. अमेरिकेत ॲपलच्या घड्याळावर ४ लाखांहून जास्त लोकांचा अभ्यास झाला, २०१९ मध्ये छापून आला. त्यात अनियमित ठोक्यांची सूचना अर्ध्या टक्क्याच्या आसपास लोकांनाच गेली. त्यांतल्या ज्यांनी नंतर छातीवर पट्टी लावून तपासून घेतलं, त्यांच्यापैकी साधारण तिघांतल्या एकात तो विकार त्या वेळी सापडला. घड्याळानं फार आरडाओरडा केला नाही, आणि सूचना गेल्यावर पुढं डॉक्टरांशी बोलण्याची आणि पट्टीची सोय होती. माझा मुद्दा तोच आहे. तसंच इन्सुलिनवर असलेल्या मुलांच्या दंडावर चिकटवायचा साखरेचा सेन्सर. कातडीखालच्या द्रवातली साखर तो दर काही मिनिटांनी सांगतो. रात्री साखर घसरली तर आईला उठवतो. ज्या घरात असं लेकरू आहे त्या घराला याचं मोल विचारा. पण तो सेन्सर दोनेक आठवड्यांत बदलावा लागतो आणि किंमत हजारांत असते. ज्या यंत्रामुळे खरोखर जीव वाचतो ते परवडत नाही, आणि ज्याचा भरवसा नाही ते दिवाळी ऑफरमध्ये एकावर एक फुकट.

चालण्याचंही श्रेय द्यायला हवं. रंकाळ्याच्या काठावर, विद्यापीठाच्या रस्त्यावर पहाटे जी गर्दी दिसते, तिच्यातल्या कितीतरी मनगटांवर पावलं मोजली जात असतात. २०२२ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्र ताळा मांडला गेला, त्यात अशी यंत्रं वापरणारे दिवसाला साधारण १,८०० पावलं जास्त चालतात असं दिसलं. ही काही कमी गोष्ट नव्हे. फक्त १०,००० चा जो पाढा आपण घोकतो, तो कुठल्या प्रयोगशाळेतून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये एका जपानी कंपनीनं "मानपो-केई" नावाचं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, दहा हजार पावलांचा मापक. आकडा गोल, जाहिरातीला बरा. पुढं २०१९ मध्ये सतरा हजारांच्या आसपास वयस्क बायकांचा अभ्यास झाला, तेव्हा दिसलं की २,७०० पावलांपेक्षा ४,४०० वाल्यांचा मृत्युदर बराच कमी, आणि फायदा साडेसात हजारांच्या आसपास सपाट होतो. गुडघे धरलेल्या मावशींना हे कुणी सांगितलं तर त्या दहा हजारांच्या नादात जिना चढून-उतरून गुडघ्यांची आणखी वाट लावणार नाहीत.

आणि मोजतं तरी काय? भाजीचा गाडा ढकलणाऱ्या बाईचे दोन्ही हात दांड्यावर स्थिर. तिची पावलं घड्याळाच्या हिशेबी फारशी येत नाहीत. भाकऱ्या थापणाऱ्या हाताची मात्र थोडीफार येतात.

ताणाचा आकडा हा मला या सगळ्यातला सर्वांत फसवा प्रकार वाटतो. दोन ठोक्यांमधलं अंतर दर वेळी थोडं वेगळं असतं. शरीर निवांत असताना ही वेगळेपणाची लवचीकता जास्त, शरीर सज्ज झालं की कमी. त्यावरून घड्याळ ताण ठरवतं. पण शरीर सज्ज कशामुळे झालं, हे त्याला कुठून कळणार? फुटबॉलच्या हंगामात शाहू स्टेडियमवर या. पाटाकडील विरुद्ध खंडोबा, दोन तालमींच्या संघांचा सामना बरोबरीत, शेवटची दहा मिनिटं. गॅलरीत एकाच्या घड्याळानं सूचना दिली, ताण वाढलाय, दीर्घ श्वास घ्या. तो ओरडला, "श्वास घ्यायला येळ कुणाला हाय भावा!" त्या माणसाच्या आठवड्यातला तो सर्वांत सुखाचा तास होता. कर्जाचा हप्ता थकल्यावर छाती धडधडते आणि पोरीचं लग्न ठरल्यावरही धडधडते. घड्याळाला दोन्ही सारखंच. तालमीत वाढलेल्या पैलवानाची बसल्या जागची नाडी पन्नासच्या खाली असू शकते. घड्याळ त्याला सावध करतं, वस्ताद मात्र त्यात समाधान मानतो. वस्तादांना सगळं कळतं असा माझा दावा नाही. छातीत कळ आलेल्या पोराला "चार जोर जास्त मार" म्हणणारेही वस्ताद असतात. पण वस्ताद पोराला लहानपणापासून बघत असतो. घड्याळ त्याला ओळखतच नाही.

झोपेचा मार्क तर घरोघरी वाद लावतो. घड्याळ हालचाल आणि नाडी बघून झोपेचा अंदाज बांधतं. गाढ झोप कुठली, स्वप्नाची कुठली, हे नक्की ठरवायला मेंदूच्या लहरी लागतात आणि त्या मनगटावर नसतात. मार्क कमी आले म्हणून झोप उडणारी माणसं डॉक्टरांना भेटायला लागली, तेव्हा अमेरिकेत २०१७ मध्ये या तक्रारीला "ऑर्थोसोम्निया" असं नावही पडलं. ही शहरातली तक्रार. मला जास्त खटकतं ते पुढचं.

करवीर, पन्हाळा, राधानगरी, शिरोळ, कुठल्याही तालुक्यातला ऊसवाला घ्या. शेतीपंपाला थ्री-फेज वीज चक्राकार पद्धतीनं, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की माणूस बारा-एकला उठून बॅटरी घेऊन उसात शिरतो, दारं धरतो, पायाखाली काय आहे ते बघत बघत. पश्चिमेकडं गवा आडवा यायची भीती निराळी. पहाटे परत येतो तोवर गोठ्यात धार काढायची वेळ झालेली असते, कारण डेअरीची गाडी थांबत नाही. या माणसाच्या मुलानं पुण्याहून घड्याळ पाठवलं तर ते त्याला काय सांगणार? तुमची झोप कमी आहे, रात्री दहाला दिवे मालवा. अहो, दिवे लागतात म्हणून तर तो उठतो! २०२२ मध्ये दिवसा दहा तास वीज द्या म्हणून शेतकरी कोल्हापुरात महावितरणच्या दारात ठाण मांडून बसले होते. त्या झोपेवरचा उपाय त्या मागणीत होता. काही भागांत सौर वाहिन्यांतून दिवसा वीज यायला लागली आहे, तिथल्या शेतकऱ्याची झोप कुठल्याही ॲपशिवाय सुधारली असेल.

या घड्याळांबद्दलचं माझं खरं भांडण इथं आहे. दुखणं सार्वजनिक असतं आणि यंत्र ते खासगी करून टाकतं. वीज रात्री येते, पाळी बारा तासांची असते, भट्टीपुढं पंखा नसतो, रस्त्यावर चालायला फुटपाथ नसतो. आणि संध्याकाळी आकडा तुमच्या पदरात पडतो की तुम्ही कमी पडलात. श्वास घ्या, पाणी प्या, उठा, चाला. सगळे आज्ञार्थ तुम्हालाच. मालकाला, महावितरणला, महापालिकेला एकही सूचना जात नाही. मला कुणी विचारलं की सेन्सर कुठं लावावा, तर मी सांगेन की फाउंड्रीच्या शेडमध्ये लावा, भट्टीपासून दहा फुटांवर, उष्णता आणि धूळ मोजायला. आणि तो आकडा गेटवरच्या फळ्यावर कामगारांना दिसेल असा लिहा. अमुक तापमानाच्या पुढं गेलं की अर्धा तास काम बंद, हेही तिथंच लिहा. असा सेन्सर कुणी दिवाळीला भेट देत नाही.

उलट भेट मिळते ती मनगटावरची, आणि तिला दोरी असते. नागपूर आणि चंडीगडच्या महापालिकांनी सफाई कामगारांच्या हातात जीपीएस घड्याळं बांधली. कोण किती वेळ कुठं होता, हे कार्यालयात पडद्यावर दिसावं म्हणून. कामगारांनी विरोध केला, त्यांना पगार कापला जाण्याची धास्ती होती, आपली खासगी वेळही कुणी बघत बसेल ही लाज होती. तिथं आरोग्याचं नावही नव्हतं, नुसती पाळत होती. उद्या त्याच घड्याळात नाडी आणि ताणही येणार, मग पाळतीला काळजीचा मुखवटा चढवणं सोपं. एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्यानं "आम्ही कामगारांच्या तब्येतीसाठी देतोय" म्हटलं की कोण नाही म्हणेल? आणि छातीचे ठोके वेडेवाकडे दिसलेल्या पन्नाशीच्या कामगाराचं कंत्राट पुढच्या वर्षी नव्यानं झालं नाही, तर कारण कुणी लेखी देईल का?

कायदा इथं तोकडा पडतो. २०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत आरोग्याची माहिती संवेदनशील म्हणून वेगळी काढलेली होती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तसा वेगळा वर्ग ठेवलेलाच नाही. तुमचा मोबाइल नंबर आणि तुमच्या हृदयाची लय एकाच रांगेत. वर, नोकरीच्या कारणासाठी किंवा मालकाचं नुकसान टाळण्यासाठी माहिती वापरायची असेल तर संमतीची अट सैल करणारी तरतूद त्यात आहे. विमा कंपन्या पावलांवर सवलत देऊ लागल्याच आहेत. आज चालणाऱ्याला सवलत, म्हणजे न चालणाऱ्याला आजच हप्ता महाग, हे गणित कुणालाही कळेल. आणि न चालणाऱ्यांत गुडघ्यानं अधू झालेली, दिवसभर यंत्रमागावर उभी असलेली, घड्याळच नसलेली माणसं येतात. म्हणून दुसरी मागणी : नोकरीवर अंगावर यंत्र बांधायची सक्ती नको, आणि स्वखुशीनं बांधलं तरी त्यातला तब्येतीचा आकडा मालकाच्या आणि विमेवाल्याच्या हाती जाता कामा नये. कामगार संघटनांनी करारात हे कलम आत्ताच घालून घ्यावं, घड्याळं वाटून झाल्यावर नव्हे.

कुणी म्हणेल, यंत्रणा सुधारायची वाट बघत बसलो तर माणसं मरतील, तोवर घड्याळ तरी हाती असू दे. हा मुद्दा मला पटतो, म्हणूनच विचारतो की तेवढ्याच पैशात काय होईल. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ मध्ये छापून आलेल्या देशव्यापी अभ्यासात प्रौढांमध्ये उच्च रक्तदाबाचं प्रमाण ३५.५ टक्के निघालं. म्हणजे तिघांत एक. यावर गोळ्या स्वस्त आहेत, सरकारी दवाखान्यात फुकट आहेत, २०१७ पासून महाराष्ट्रासह काही राज्यांत त्यासाठी खास उपक्रम चालू आहे, १४०/९० च्या वर काय द्यायचं याची पायरी ठरलेली आहे. अडतं ते मोजण्यापाशी आणि गोळी चालू ठेवण्यापाशी. दंडाला बांधायचं, तपासून प्रमाणित केलेलं यंत्र दोन-अडीच हजारांत येतं. एका यंत्रावर अख्खी गल्ली मोजता येते.

कोल्हापुरात प्रत्येक पेठेला तालीम आहे. तालमीला जागा आहे, पोरं आहेत, महापुरात बोटी आणि जेवणाची पाकिटं पोचवल्याचा अनुभव आहे. रक्तदानाची शिबिरं तर त्या घेतातच. प्रत्येक तालीम मंडळानं एक यंत्र घ्यावं. डॉल्बीच्या एका रात्रीच्या भाड्यात चार-सहा पेठांची सोय होईल, पण तो विषय मी वाढवत नाही, घरी सुखानं परतायचं आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ महापालिकेच्या दवाखान्यातल्या सिस्टर किंवा आशाताई तिथं बसतील. नियम साधे : आधी पाच मिनिटं गप बसायचं, पाय जमिनीला, हात छातीच्या उंचीला, अर्धा तास आधीपासून चहा-तंबाखू नाही, दोनदा मोजायचं. आकडा वहीत आणि वहीची जबाबदारी दवाखान्याची. ज्याचा आकडा वर आहे आणि जो पुढच्या आठवड्यात आला नाही, त्याच्या घरी तालमीतला पोरगा जाईल. यात ब्लूटूथ काही नाही. पण आबांची गोळी दसऱ्याला बंद झाली हे दिवाळीच्या आत कुणालातरी कळलं असतं.

या योजनेत एक मोठं भोक आहे ते सांगून टाकतो. तालमीची पायरी बायका चढत नाहीत, चढल्या तरी दंडाला पट्टा बांधून तिथं बसणार नाहीत. त्यांच्यासाठी अंगणवाडी किंवा बचत गटाची बैठकीची खोली बघावी लागेल, आणि वेळ दुपारी दोन ते चारची, कारण त्यानंतर नळाला पाणी येतं. आशाताईंना या जादा कामाचा मोबदला वेगळा द्यावा लागेल. त्यांच्याकडून फुकट काम करून घ्यायची सवय आपल्याला कोरोनात लागली आहे. आणि वर्षातून एकदा सगळी यंत्रं सीपीआर या सरकारी रुग्णालयात नेऊन तपासून आणायचं काम कुणाच्या तरी नावावर लिहावं लागेल, नाहीतर दोन वर्षांत तीही १२२ दाखवायला लागतील.